घड्याळ चौकातला ठिपका

माझ्या डाव्या बटणावर एक गुळगुळीत डाग आहे. आकाराने तो वाटाण्यापेक्षा मोठा नाही. माझं बाकीचं अंग करड्या रंगाचं आणि किंचित खरखरीत आहे, पण तेवढ्या जागी प्लास्टिक झिजून इतकं चकचकीत झालं आहे की समोरच्या खिडकीचा चौकोन त्यात दिसतो. उजव्या बटणावरही तसाच एक डाग आहे. तो अलीकडचा, फिका, आणि तर्जनीचा नसून मधल्या बोटाचा आहे. नीट पाहायची सवय असलेल्या माणसाला या दोन डागांवरून माझं आयुष्य वाचता येईल. बाकीच्यांसाठी मीच सांगतो.

मित्रांनो, मी माउस आहे. संगणकाशेजारी असतो तो, जुन्या पद्धतीचा, वायरीचा. एका शहराच्या अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात, खिडकीजवळच्या टेबलावर माझी सगळी नोकरी झाली. जन्म एका कारखान्यात झाला, पण त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सरकत्या पट्ट्यावर माझ्या पोटात चाक बसलं, पाठीवर झाकण बसलं, आणि शेवटी एका बाईने माझी दोन्ही बटणं टकटक वाजवून पाहिली व मान डोलावली. ती माझी पहिली आणि बराच काळ एकमेव परीक्षा. नंतर मी खोक्यातल्या अंधारात वायरीची गुंडाळी पोटाशी धरून पडून राहिलो.

माझ्या पोटाखाली एक लाल दिवा आहे. त्याच्या उजेडात मला टेबलाचा बोटभर तुकडा दिसतो, बस्स. पण मी इकडे टेबलावर वीतभर सरकलो की समोरच्या पडद्यावर एक बाण सरकतो, आणि त्या बाणाच्या टोकावर बसून मी अख्खं शहर पालथं घातलं आहे.

टेबल मामांचं होतं. ते कुणाचे मामा हे कुणालाच आठवत नव्हतं. दलात नवा आलेला माणूसही पहिल्याच दिवशी त्यांना मामा म्हणायचा. येणारा प्रत्येक फोन आधी त्यांच्याकडे यायचा. त्यांचा हात जड, कोरडा आणि उबदार होता. फोन वाजला की आधी हात माझ्यावर यायचा, मग दुसऱ्या हाताने ते फोन उचलायचे. पलीकडून कुणी किंचाळत असलं तरी मामांचा आवाज तसाच सपाट असायचा. माणूस ओरडायचा थांबला की पत्ता सांगतो, असं ते म्हणत. त्यांना माणसाला ओरडायचं थांबवता यायचं. मी पुष्कळ हात पाहिले, पण दुसऱ्याची भीती कानाने घेऊन बोटांपर्यंत न येऊ देणारा हात तो एकच.

मी आलो तेव्हा पडद्यावर नुसती रकाने भरायची कामं होती. वेळ टाका, पत्ता टाका, कुठला बंब निघाला ते टाका. मग एक दिवस नकाशावाल्या ताई आल्या. बारीक चणीच्या, बोलणं बेताचं, खिशात नेहमी एक मोजपट्टी. भूगोल आणि संख्याशास्त्र शिकून आलेल्या त्या ताईंनी पहिल्या दिवशी मामांना एकच प्रश्न विचारला, की तुम्ही गेल्या पावसाळ्यात पडलेली झाडं मोजलीत, पण ती कुठे पडली ते कुठे आहे? मामांनी आपल्या कपाळाकडे बोट दाखवलं. ताई म्हणाल्या, "ते मला उघडता येत नाही हो मामा."

मग त्यांनी नकाशा उभा केला. तो आमच्या संगणकात राहत नव्हता, हे कळायला मला बरेच दिवस लागले. तो दूर कुठेतरी राहायचा आणि जो उघडेल त्याच्या पडद्यावर हजर व्हायचा. मामांनी इथे ठिपका ठेवला की त्याच क्षणी तो साहेबांच्या खोलीत दिसायचा आणि बंबाच्या चालकाच्या मोबाइलवरही दिसायचा. नकाशा एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखा होता. एका थरावर रस्ते, एका थरावर पाण्याचे नळ, एकावर शाळा, एकावर दवाखाने. हवा तो थर एका टिचकीसरशी चढवावा, नको तो उतरवावा. ती टिचकी माझी. मी कारखान्यातून निघालो तेव्हा अशा कामाचं स्वप्नही पाहिलं नव्हतं. मित्रांनो, खरं सांगतो, त्या दिवसांत मी टेबलावर घसरत नसे, मिरवत असे.

आमच्या कामाचं चीज झालं ते एका सकाळी. शहराबाहेरच्या वळणरस्त्यावर एक टँकर उलटला आणि त्यातून वायू गळू लागला. ताई धावत आल्या, मामांच्या शेजारची खुर्ची ओढली आणि मला हातात घेतलं. टँकरच्या ठिकाणाभोवती त्यांनी एक वर्तुळ काढलं. मग मामांना वारा विचारला. मामांनी खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे पाहिलं आणि हात हलवून म्हणाले, इकडून तिकडे.

"मामा, दिशा सांगा. हात काय दाखवताय, मी मान वर करणार नाहीये."

"ईशान्येकडे."

ताईंनी मला धरून ते वर्तुळ ईशान्येकडे ओढलं. त्याचा थेंबासारखा लांबट आकार झाला. मग शाळांचा थर चढवला, दवाखान्यांचा चढवला. थेंबाच्या टोकात एक शाळा आणि एक प्रसूतिगृह होतं. मामांनी दोन्हीकडे फोन केले आणि त्याच सपाट आवाजात सांगितलं की कुठल्या दरवाज्याने बाहेर पडायचं आणि कुठल्या बाजूला चालायचं. शाळेची मुलं हातात हात घालून वाऱ्याला आडव्या दिशेने, त्या थेंबाच्या बाहेर चालत गेली. कुणाला साधा खोकलाही झाला नाही. परत आल्यावर साहेबांनी आमच्या टेबलावर थाप मारली. मी जरासा उडालो. साहेबांची शाबासकी तेवढीच असायची, पण ती खरी असायची.

साहेब म्हणजे दलाचे प्रमुख. आगीत सगळ्यांच्या आधी शिरणारा माणूस. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा व्रण होता आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत. पण असा हा माणूस कागदावर सही करायची वेळ आली की उंबऱ्यावर थबकायचा. "बघू," असं म्हणायचा. कक्षातला पंखा कुरकुरतो, बघू. मामांच्या खुर्चीचं चाक निखळलंय, बघू. मामा म्हणायचे, आपल्या साहेबांना धूर दिसल्याशिवाय घाई होत नाही.

सगळ्यात मोठं 'बघू' आवारात उभं होतं. दलाला एक दुसरा मोठा बंब मिळाला होता. नवा कोरा, लाल, शिडीचा. तो मुख्य केंद्रातच ठेवायचा की शहरात दुसरीकडे कुठे छोटं ठाणं करून तिथे उभा करायचा, हे ठरायचं होतं. ठरेपर्यंत तो भिंतीलगत ताडपत्रीखाली उभा होता. पाऊस येऊन गेला, उन्हाळा येऊन गेला. ताडपत्री विटली, बंब तिथेच.

शेवटी साहेबांनी ताईंना सांगितलं की नकाशालाच विचारा. ताईंनी आजवरच्या सगळ्या घटनांचे ठिपके एकत्र आणले आणि जिथे ठिपक्यांची दाटी जास्त तिथे रंग गडद होत जाईल असा नकाशा केला. शहरभर फिका पिवळा पसरला, कुठे कुठे नारिंगी डाग उमटले, आणि मधोमध घड्याळ चौक लालभडक झाला. तिथे एक जुनं दगडी घड्याळ आहे आणि भोवती दुकानं. ताईंनी आणखी एक गोष्ट तपासली, बंब पोहोचायला लागणारा वेळ. घड्याळ चौक मुख्य केंद्रापासून हाकेच्या अंतरावर, तरी तिथल्या घटनांना बंब सगळ्यात उशिरा पोहोचत होता. आकडे तसंच सांगत होते. सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला की चौकात गर्दी फार, गाड्या अडकतात. म्हणजे नवा बंब चौकातच हवा.

बैठकीत त्या नकाशाचं फार कौतुक झालं. चौकातल्या व्यापाऱ्यांनी एक रिकामं गोदाम देऊ केलं. साहेब जाऊन जागा पाहून आले. ताईंच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जो आनंद होता तो मी त्यांच्या तळहातातून ओळखला. हात माझ्यावर नुसता ठेवलेला होता, काम काहीच नव्हतं. साहेबांनी मात्र सही केली नाही. बघू, म्हणाले.

मित्रांनो, आता शहराच्या दुसऱ्या टोकाकडे चला. रेल्वेमार्गाच्या पलीकडे एक वस्ती होती. एका बंद पडलेल्या गिरणीच्या आधाराने वाढत गेलेली, घराला घर चिकटलेली. इकडून तिकडे जायला एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर रेल्वेचं फाटक. मालगाडी आली की फाटक बंद.

एका दुपारी तिकडून एका बाईचा फोन आला. घर पेटलं होतं. मामांनी पत्ता विचारला. निळ्या टाकीमागे, गिरणीच्या भिंतीला लागून, ती म्हणाली. मामांनी वायरलेसवरून बंबाच्या चालकाला तेच शब्द सांगितले. चालकाला निळी टाकी ठाऊक होती, बंब निघालाही. पण संगणकाला निळी टाकी ठाऊक नव्हती. घटना नोंदवायची तर यादीतून रस्त्याचं नाव निवडावंच लागायचं, त्याशिवाय पुढचं पान उघडत नसे. नावापुढे घराचा क्रमांक टाकला तर नकाशा ठिपका त्या दारात ठेवायचा, नुसतं नाव टाकलं तर त्या जागेच्या मधोमध. पलीकडच्या वस्तीतल्या बोळांना नावंच नव्हती. तेव्हा मामांनी नेहमी करायचे तेच केलं. मला किंचित वर, किंचित डावीकडे सरकवलं आणि यादीतलं शहराच्या मधलं नाव निवडलं. घड्याळ चौक. ती हालचाल मला पाठ होती. किती वेळा केली असेल याची गणती नाही. पण मला तोंड नाही.

बंब फाटकापाशी पोहोचला आणि फाटक बंद झालं. मालगाडी लांबलचक होती. त्या दिवशी साहेब स्वतः बंबात होते. वायरलेसवर चालकाचा आवाज येत होता, डबे अजून संपत नाहीत मामा, अजून संपत नाहीत. इकडे फोनवर ती बाई एकसारखी विचारत होती, गाडी निघाली का, गाडी निघाली का. मामा दर वेळी सांगत होते, निघाली आहे, जवळ आली आहे. ते खोटं नव्हतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्या तळव्याला घाम आला, आणि मी ओला झालो.

बाई आणि तिची सासू वाचल्या. घर राहिलं नाही. साहेब परतले तेव्हा कक्षात आले, खिडकीशी उभे राहिले आणि खालच्या ताडपत्रीकडे पाहून निघून गेले.

त्याच सुमारास मी आजारी पडलो. बटणाखालची पितळी पट्टी झिजली की माउसला एक विचित्र दुखणं जडतं. बोट एकदा दाबतं, आणि टिचकी दोनदा वाजते. नकाशावर दोनदा टिचकी वाजली की नकाशा पुढे झेप घेतो, जवळचं दाखवू लागतो. मामा एक ठिपका उघडायला जायचे आणि नकाशा त्यांना थेट कुणाच्यातरी गच्चीवर नेऊन सोडायचा. मामांनी नवा माउस मागितला. साहेब काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच असेल.

एकदा मामा जेवायला गेले असताना ताई त्यांच्या टेबलाशी बसल्या. त्या दुपारची आग पलीकडची होती हे त्यांना ठाऊक होतं, बंब पोहोचायला किती वेळ लागला ते नोंदीत पाहायचं होतं. नकाशावर वस्तीत शोधलं, तर तिथे ठिपकाच नाही. नकाशा मागे घेऊन परत पाहू म्हणून त्यांनी मधोमध कुठेतरी टिचकी दिली. माझ्या दुखण्याने ती दोनदा वाजली आणि नकाशा घड्याळ चौकाकडे झेपावला. त्या चुकचुकल्या, पुन्हा दाबलं, नकाशा पुन्हा झेपावला. आणि त्यांचा हात थांबला.

नकाशा जवळ आला की ठिपके एकमेकांपासून दूर होतात. दुरून एकच वाटणारा पुंजका जवळून दहा दारांत, दहा गल्ल्यांत विखुरतो. आजूबाजूचे ठिपके तसेच सुटे झाले होते. चौकातला ठिपका सुटा होत नव्हता. ताईंनी आता मुद्दाम दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं, फरशीचे चौकोन दिसेपर्यंत नकाशा जवळ आणला. ठिपका एकच. दगडी घड्याळाच्या बरोबर पायथ्याशी. त्यांनी तो उघडला तर आत शेकडो घटना एकावर एक रचलेल्या, पत्त्यांच्या जोडासारख्या. वरून पहिलीच ती दुपारची आग होती.

त्यांचा हात गार पडला होता. पण हलला नाही. विचार करणारा हात कसा असतो ते मला त्या दिवशी कळलं. तो थरथरत नाही, तो जड होतो.

मामा जेवून आले. ताईंनी शांतपणे विचारलं, "मामा, घड्याळाखाली इतक्या आगी लागतात?"

"घड्याळाखाली? कबुतरं सोडली तर तिथे जळण्यासारखं आहे काय?"

"मग या कुणाच्या?"

मामांनी पडद्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्चीत न बसता उभ्यानेच बोलले.

"ती यादी रस्ता विचारते, ताई. पलीकडच्या माणसाला रस्ताच नाही. तो सांगतो निळी टाकी, यादी म्हणते नाही. तो सांगतो गिरणीची भिंत, यादी म्हणते नाही. आणि त्याचं घर पेटलेलं असतं. मी यादीशी भांडत बसू की त्याच्याशी बोलू?"

ताई म्हणाल्या, "त्याच्याशी बोललात ते बरोबर केलंत. यादी मी केली होती."

नंतर दोघांनी मिळून सगळं लावून पाहिलं, आणि प्रत्येक गोष्ट आपल्या जागी बसत गेली. चौक लाल होता तो चौकातल्या घटनांनी नव्हे. चौकात बंब उशिरा पोहोचत होता तो गर्दीमुळे नव्हे. जिथे उशीर झाला ती घरं फाटकापलीकडे होती. त्यांचा उशीर तेवढा चौकाच्या नावावर लागला होता, आणि त्यांच्या आगींच्या जोरावर नवा बंब चौकात जाणार होता. साहेबांनी सही केली असती तर तो गेलाही असता. मामा म्हणाले, साहेबांच्या 'बघू'ने जन्मात एकदा तरी पुण्य केलं.

ज्या नकाशाची सगळ्यांनी वाखाणणी केली तो चुकीचा आहे हे ताई त्याच संध्याकाळी साहेबांना सांगून आल्या. कुणावर ढकललं नाही, मामांचं नाव घेतलं नाही. मी हुशार माणसं पुष्कळ पाहिली आहेत, मित्रांनो. स्वतःची वाहवा झालेली गोष्ट स्वतःच्या हाताने पुसणारं माणूस मात्र मी ते एकच पाहिलं. साहेबांनी ऐकून घेतलं. चौकातल्या मंडळींना मी शब्द दिल्यासारखाच आहे, आणि पलीकडे ठाणं केलं तर माझी निम्मी माणसं फाटकाच्या त्या बाजूला अडकतील, असं म्हणाले. मग तेच म्हणाले. बघू.

पुढचे काही आठवडे मी टेबलाच्या खणात होतो. ठिपके पुन्हा लावायचे तर हात बरोबर हवा, म्हणून ताईंनी घरून स्वतःचा बिनवायरीचा छोटा माउस आणला होता. खणात माझ्या सोबतीला संपलेल्या बॅटऱ्या, एक वाळलेला शिक्का आणि मामांच्या खोकल्याच्या गोळ्या होत्या. मामा गोळीसाठी खण उघडायचे तेवढाच उजेड. वर काम चाललेलं ऐकू यायचं आणि मी नाही म्हणून ते अडत नाही हेही कळायचं.

पण मामांचं त्या छोट्याशी जमेना. हातात काही आहे असंच वाटत नाही, साबणाची वडी धरल्यासारखं होतं, अशी त्यांची कुरकुर चालायची. एक दिवस गोळी घेता घेता त्यांनी मलाच बाहेर काढलं. ताई हसल्या. त्यांनी संगणकाला दोनचार सूचना दिल्या आणि माझी बटणं बदलून टाकली. डाव्याचं काम उजव्याने करायचं, उजव्याचं डाव्याने. उजवं बटण आयुष्यभर जवळजवळ रिकामंच होतं, त्यामुळे ते ठणठणीत होतं. मामांना मधल्या बोटाने टिचकी द्यायची सवय व्हायला दोन दिवस लागले. ताईंनी माझ्या पोटाखालचा मळ नखाने काढला, आणि मी पुन्हा कामाला लागलो. उजव्या बटणावरचा डाग तेव्हापासूनचा.

मग ते मोठं काम झालं. प्रत्येक बंब कुठे थांबला याची खूण त्यातलं यंत्र ठेवत असे. ताईंनी घटनांच्या वेळा त्या थांब्यांशी जुळवल्या, आणि चौकातले ठिपके एकेक करून उचलून आपापल्या जागी नेले. यंत्र बसायच्या आधीच्या घटनांसाठी दोघं फोनवरची जुनी बोलणी ऐकत. पेटलेल्या घरांतून आलेले ते आवाज ऐकताना दोघंही पडद्याकडे पाहत, एकमेकांकडे नाही. दर सुट्टीला ताई फाटक ओलांडून वस्तीत जात. मोबाइलवर नकाशा उघडून तिथल्या लोकांपुढे धरत आणि विचारत, तुम्ही याला काय म्हणता? लोक एकमेकांना दुरुस्त करत सांगत. निळी टाकी. गिरणीची भिंत. शिंपिणीचा कोपरा. पडका हौद. ती सगळी नावं यादीत आली. शिंपिणीच्या कोपऱ्यावरची शिंपीण वारून कैक वर्षं झाली होती, पण बंब तिच्या नावाने पोहोचणार होता.

घड्याळ चौकाचा रंग उतरत गेला. लाल फिकट झाला, नारिंगी झाला, शेवटी आजूबाजूसारखाच पिवळा. आणि रेल्वेमार्गाच्या पलीकडे, जिथे आधी काहीच नव्हतं, तिथे लाल उगवला.

ताईंनी शेवटची एक गोष्ट केली. मुख्य केंद्रातून निघालेला बंब मोजक्या मिनिटांत कुठवर पोहोचतो, तेवढा भाग नकाशा हिरव्या रंगात दाखवायचा. त्या हिरव्यात पलीकडची वस्तीही होती, कारण नकाशाला फाटक म्हणजे मोकळा रस्ता वाटत होता. ताईंनी मला फाटकावर नेलं आणि तिथे एक आडवी रेघ मारली. बंद. अळीने पान खावं तसा हिरवा रंग रेल्वेमार्गापर्यंत मागे सरला. मामा म्हणाले, "हे त्या बाईने बघायला हवं होतं." ताई म्हणाल्या, "तिने बघितलंय मामा. आपलंच बघायचं राहिलं होतं."

ताईंनी साहेबांना नकाशा पाहायला बोलावलं. ते आज येतो, उद्या येतो करत राहिले. चौकातल्या मंडळींचे निरोप येत होते, वरून विचारणा होत होती. ताडपत्रीला भोकं पडली. अखेर एका सकाळी साहेब आपणहून आले आणि मामांच्या खुर्चीत बसले. निखळलेल्या चाकाने ते एका बाजूला कलले. त्यांनी मला हातात घेतलं, डावं बटण दाबलं, आणि पडद्यावर भलतीच चौकट उघडली.

"साहेब, उलटं. मधल्या बोटाने."

"तुमच्याकडे सगळंच उलटं का हो मामा?"

"नाही साहेब, फक्त माउस. नवा बघू म्हणाला होतात."

साहेब हसले नाहीत, पण त्यांचा हात सैल झाला. ताई त्यांच्या मागे उभ्या होत्या. त्या काहीच समजावत नव्हत्या. फक्त म्हणाल्या की तो बंबाचा छोटा आकार आहे ना, तो धरा आणि हवा तिथे ठेवून पाहा. साहेबांनी तो आधी घड्याळ चौकात ठेवला. हिरवा रंग होता तेवढाच राहिला, जिथे आधीच हिरवं होतं तिथे आणखी गडद झाला. मग त्यांनी तो उचलला आणि सावकाश फाटकाकडे नेला. फाटकावरच्या रेघेपाशी हात थांबला. मालगाडीचे डबे मोजत ते तिथेच उभे राहिले होते, हे मला आठवलं. त्यांनाही आठवलं असावं, कारण मनगटावर व्रण असलेला तो हात माझ्यावर एकाएकी जड झाला. मग रेघ ओलांडून त्यांनी बंब गिरणीजवळ ठेवला. हिरवा रंग गिरणीपासून सुरू होऊन निळ्या टाकीवरून, शिंपिणीच्या कोपऱ्यावरून, घराघरांवरून पसरत गेला.

त्या हिरव्यात एक ठिपका होता. साहेबांनी बाण त्यावर नेला. "ही तीच का?"

"तीच," मामा म्हणाले. "आता आपल्या जागी आहे."

मित्रांनो, ते तिघं त्या ठिपक्याकडे पाहत आहेत तेवढ्यात माझं मागणं मांडून घेतो. आम्हा यंत्रांची थोडी काळजी घ्या. पोटाखालचा मळ काढत जा, एक बटण थकलं म्हणून लगेच फेकू नका, दुसरं असतं. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुमच्यापैकी कुणी उद्या नकाशे कराल, कुणी फोन उचलाल, कुणी नुसताच कुणाचातरी त्रास कागदावर उतरवाल. तो त्रास जिथे आहे तिथेच लिहा. यादीत जागा नसेल तर यादी बदला, माणसाला हलवू नका. आम्ही यंत्रं फार आज्ञाधारक आहोत. तुम्ही ठिपका जिथे ठेवाल तिथे आम्ही तो कायमचा जपून ठेवतो, आणि मग सगळं जग त्यावर विश्वास ठेवतं. ज्याचं घर जळलं त्याला निदान नकाशावर तरी स्वतःच्या दारात असू द्या.

साहेबांनी माझ्यावरचा हात काढला. उठले, खिडकीशी गेले आणि खाली आवारात भिंतीलगत उभ्या असलेल्या त्या बंबाकडे पाहत राहिले. मामांनी सवयीने हात माझ्यावर ठेवला. मला वाटलं, आता तोच शब्द येणार.

साहेब मागे न वळता म्हणाले, "ताडपत्री काढायला सांगा. नवी गाडी आजपासून फाटकापलीकडे उभी राहील. नोंद करा मामा, आणि ठिकाण बरोबर टाका."